शिफ्टवाल्यांची दिनचर्या: फर्स्ट, सेकंड, नाईट कशी बसवायची? (कोल्हापूर एमआयडीसी: शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल)

साचेकाम_शिरोली
नमस्कार मंडळी. उन्हाळा तापायच्या आत आमच्या फौंड्रीच्या बोर्डावर दिनचर्येचा तक्ता लावायचा आहे. कुठंही शोधलं तरी तेच सापडतं: पहाटे पाचला उठा, रंकाळ्याला फेरी मारा, रात्री दहाला झोपा. ज्याची नाईट सकाळी सातला सुटते त्यानं यातलं काय करायचं?

शिफ्ट दर आठवड्याला बदलते. ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७. माणसं तीन प्रकारची आहेत: भट्टीवर रस (वितळलेला धातू) ओतणारी, फेटलिंगला (ओतलेला जॉब घासून साफ करायला) ग्राइंडर चालवणारी आणि मशीन शॉपला दिवसभर उभी असणारी. झोप, जेवण, चहा, व्यायाम, डोक्याची शांतता, सगळ्याच्या नेमक्या वेळा आणि मापं सांगा. आणि प्रत्येक गोष्टीचं कारणही लिहा. कारण कळलं की पोरं ऐकतात, नुसता नियम लावला की बोर्डाकडं बघतसुद्धा नाहीत.

पाळी_नियोजन
दादा, आधी तक्त्याची मांडणी बदला. 'सकाळी हे, दुपारी ते' असं लिहू नका. आधी झोपेची चौकट ठरवा, मग बाकी सगळं त्या झोपेपासून किती तास आधी आणि किती तास नंतर, असं लिहा. झोप नेहमी शेवटी, उरलेल्या वेळात बसवली जाते आणि तिथंच सगळं बिघडतं. मोठ्या माणसाला चोवीस तासांत किमान ७ तास झोप लागते. ती एका तुकड्यात मिळत नसेल तर दोन तुकड्यांत घ्या, पण बेरीज ७ च्या खाली जाऊ देऊ नका.

नाईटसाठी असं बसतं:

७.०० सुटी. ७.४५ पर्यंत घर. हलका नाश्ता, कोमट पाण्यानं आंघोळ.
८.३० ते २.०० मोठी झोप.
२.३० जेवण, मग थोडा वेळ उजेडात.
४.३० ते ६.०० छोटी झोप.
६.१५ ते ७.०० व्यायाम किंवा चालणं.
८.०० घरच्यांबरोबर जेवण.
१०.१५ ला बाहेर.

छोटी झोप जेवल्यावर रात्री आठ-नऊला घ्यायचा बेत बरेच जण करतात. ती लागत नाही. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात शरीराचं आतलं घड्याळ माणसाला सगळ्यात जास्त जागं ठेवतं. अंथरुणावर पडून नुसतं छताकडं बघत बसावं लागतं आणि वर चिडचिड होते. साडेचार-पाचला डोळा लागतो.

दुसरी गोष्ट, नाईटच्या पाच-सहा दिवसांत शरीर पूर्ण उलटं करायच्या मागं लागू नका. आतलं घड्याळ रोज साधारण तासभरच सरकतं. ते पूर्ण फिरेपर्यंत आठवडा संपतो आणि परत फर्स्ट येते. म्हणून आठवड्यानं बदलणाऱ्या शिफ्टमध्ये उद्देश एवढाच ठेवायचा: झोपेची बेरीज पूर्ण करायची आणि पहाटे ३ ते ५ चा धोक्याचा वेळ सांभाळायचा. शरीराचं तापमान याच वेळात सगळ्यात खाली असतं, लक्ष सगळ्यात कमी. रस ओतणं, क्रेननं मोठा जॉब उचलणं, नवीन सेटिंग लावणं, ही कामं जमतील तितकी तीनच्या आत उरका. तीननंतर मोजमाप, साफसफाई, नोंदी.

रोस्टर तुमच्या हातात असेल तर क्रम फर्स्ट, सेकंड, नाईट असा पुढं सरकणारा ठेवा. उशिरा झोपणं शरीराला सोपं जातं, लवकर झोपणं अवघड. नाईट, सेकंड, फर्स्ट असा उलटा क्रम लावला की दर आठवड्याला माणसाला झोप मागं खेचावी लागते.

कळंबा_कट्टा
नाईट संपून सुट्टी आणि मग फर्स्ट, तेव्हा काय करायचं? सुट्टीचा अख्खा दिवस झोपण्यात जातो आणि रात्री टक्क जाग.

पाळी_नियोजन
त्या दिवशी सकाळी ८ ते ११.३० एवढंच झोपायचं, गजर लावून. उठल्यावर लगेच उन्हात. दुपारी पुन्हा आडवं व्हायचं नाही. चहा बारापर्यंत, नंतर नाही. रात्री ९.३० ला झोप येतेच. पूर्ण दिवस झोपून काढला तर फर्स्टचे पहिले दोन दिवस हातचे जातात.

रात्रपाळी_परिचारिका
वरच्या वेळापत्रकाशी सहमत. प्रकाशाचं लिहायचं राहिलंय, ते महत्त्वाचं आहे. डोळ्यांवर उजेड पडला की झोपेचं संप्रेरक, म्हणजे मेलाटोनिन, दबतं. म्हणून नाईटच्या पहिल्या भागात, ११ ते ३, शॉपमध्ये भरपूर उजेड ठेवा. कामावरून घरी पोचल्यावर मात्र झोपेपर्यंत उजेड कमीत कमी: टीव्ही बंद, मोबाईल बाजूला, खोली अंधारी.

'येताना गडद गॉगल घाला' असा सल्ला सगळीकडे दिला जातो. तो बसनं किंवा कंपनीच्या गाडीनं येणाऱ्यांसाठी ठीक आहे. जे दुचाकी चालवत येतात त्यांनी अजिबात घालू नये. उजेड कमी झाला की पेंग वाढते, आणि आपल्याकडं हंगामात सकाळच्या धुक्यात हायवेला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर धड दिसत नाही, टायर फुटला तर रस्त्यातच उभ्या. कागलकडून येणाऱ्यांनी आणि तावडे हॉटेलवरून शहरात शिरणाऱ्यांनी तिथं झोप कमी होईल की नाही याचा विचार करू नये, नुसतं जागं राहावं. सुटल्यावर जांभया थांबत नसतील, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल, तर गाडी बाजूला लावून १५-२० मिनिटं डोळे मिटायचे. तोंडावर पाणी मारून किंवा मोठ्यानं गाणी लावून ती पेंग जात नाही, काही मिनिटं लांबते.

खोलीचं म्हणाल तर पत्र्याखाली दिवसा झोप मार्चपासून अवघड. खिडकीला पुठ्ठा आतून लावण्यापेक्षा बाहेरून गोणपाट किंवा शेडनेट लावा, ऊन काचेवर पडायच्या आधीच अडतं. पत्र्याला वरून पांढरा चुना मारला तरी बराच फरक पडतो. पंख्यासमोर ओलं फडकं मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत चालतं, जूननंतर हवा दमट असते, तेव्हा उपयोग नाही. कानात घालायचे फोमचे बोळे फेटलिंगला मिळतातच, झोपायला नवी जोडी घ्या. बोळा बोटांनी बारीक पिळायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढायचा, मग आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरायचा. नुसता कानावर टेकवून ठेवला तर आवाज तसाच येतो.

साचेकाम_शिरोली
परिचारिकाताई, हे कुणी असं फोडून सांगत नाही. आता चहाचं सांगा. आमच्याकडं पहाटे चारचा चहा हा हक्काचा आहे.

रात्रपाळी_परिचारिका
चहातल्या कॅफीनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही रक्तात असतो. चारला चहा घेऊन साडेआठला झोपणाऱ्याला झोप लागते, पण उथळ लागते आणि बाराला जाग येते. शेवटचा चहा २ ला. मधल्या सुट्टीत तो प्यायचा आणि लगेच २० मिनिटं डोळे मिटायचे. कॅफीनला भिनायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळं उठताना दोन्हीचा फायदा मिळतो. वीसच्या पुढं जाऊ नका. पाऊण तास झोपून उठवलेला माणूस पुढची १५ ते ३० मिनिटं गुंगीत असतो, त्याला लगेच क्रेनवर किंवा भट्टीवर सोडू नका. चारला काहीतरी गरम हवंच असेल तर आल्याचं पाणी किंवा आमसुलाचं सार ठेवा.

मावा आणि तंबाखूचंही लिहा तक्त्यात. निकोटिन उत्तेजक आहे. सुटताना गेटवर खाल्लेला मावा झोप पुढं ढकलतो. तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर वेगळाच.

भाकरी_मापात
जेवणावर लिहिते. रात्री १२ ते ६ पचनाचा वेग मंद असतो आणि त्याच जेवणानं रक्तातली साखर दिवसापेक्षा जास्त चढते. म्हणून नाईटला मुख्य जेवण रात्री ८ चं: दोन भाकरी, उसळ किंवा अंडी, पालेभाजी, दही. डब्यात मोठं जेवण नेऊ नका. दोनच्या सुट्टीत मूठभर फुटाणे-शेंगदाणे, एक केळं, ग्लासभर ताक किंवा उकडलेली दोन अंडी पुरतात.

सुटल्यावर गेटबाहेर मिसळ खाऊन घरी येऊन झोपणं, आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण ही आहे. कट, फरसाण, पाव असं पोटात भरून आडवं झालं की आम्ल वर येतं. मग दुपारी छातीत जळजळ, आणि गोळी रोजची होते. मिसळ खाऊ नका असं मी म्हणणार नाही. ती नाईटनंतर दुपारी २.३० ला किंवा सुट्टीच्या दिवशी खा. सकाळी साडेसातला एक भाकरी आणि भाजी, किंवा दोन इडल्या, किंवा वाटीभर मऊ भात नि मुगाची आमटी. उपाशीही झोपू नका, भुकेनं अकरालाच जाग येते.

सेकंडवाल्यांची चूक वेगळी असते. पावणेबाराला घरी येऊन तांबडा-पांढरा, भात, सगळं पोटभर आणि साडेबाराला अंथरूण. त्यांनी मुख्य जेवण निघायच्या आधी १.३० ला घ्यावं, ७ च्या सुट्टीत डब्यातली दीड-दोन भाकरी आणि भाजी, घरी आल्यावर फक्त वाटीभर काहीतरी. झोप १ ते ८.३०. फर्स्टला ५.१५ ला उठायचं असतं, तेव्हा पहाटे जबरदस्तीनं पोहे नकोत, दूध आणि केळं, आणि ९.३० ला पोटभर नाश्ता.

मिठाबद्दल: भट्टीवर नसलेल्या माणसाला दिवसाला सगळं धरून ५ ग्रॅमच्या आत मीठ पुरतं, म्हणजे एक सपाट चमचा. कांदा-लसूण चटणी, खर्डा, लोणचं, पापड यांतच ते निम्मं संपतं. 'घाम येतो म्हणून मीठ जास्त खा' हा नियम मशीन शॉपला लावू नका.

लाल_माती
कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाबद्दल काय म्हणता ताई? तालमीतली पोरं रात्री पितातच.

भाकरी_मापात
वस्ताद, दूध चांगलंच, पण ते जेवणात मोजा. म्हशीच्या दुधाचा ३०० मिलीचा ग्लास साधारण ३०० कॅलरींचा होतो. मेहनत करणाऱ्याला हरकत नाही. पोटभर जेवून वर ग्लास घेतला तर पोट सुटतं. आणि न तापवलेलं दूध टाळाच. ब्रुसेलोसिस, क्षयासारखे आजार त्यातून येऊ शकतात. एक उकळी आणून प्या.

भट्टी_सुरक्षा
रस ओतणाऱ्यांसाठी वेगळा तक्ता करा, एकात मिसळू नका. भट्टीत १४०० ते १५०० अंशांवर रस असतो, समोर उभ्या माणसाला नुसत्या धगीनं तासाला लिटरभर घाम सहज जातो.

पाणी: दर १५ ते २० मिनिटांनी एक ग्लास, २०० ते २५० मिली. तहानेची वाट बघायची नाही, तहान उशिरा लागते. पण तासाला १.४ लिटरच्या वर नको. एकदम तांब्यावर तांब्या ओतला तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, उलटी होते, आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडलं म्हणून तो अजून पितो. सलग दोन तासांच्या वर घाम चालू असेल तर मधून ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, सहसा १ लिटरमध्ये एक पाकीट. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट ढवळून पिणारे बघितले की थांबवा. घरी करायचं तर १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मिठाचं माप हातानं घेऊ नका. रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची गोळी चालू असणाऱ्यानं डॉक्टरांना विचारूनच.

तपासायची सोपी खूण लघवीचा रंग. फिकट पिवळा ठीक. गडद पिवळा म्हणजे कामावर येतानाच पाणी कमी आहे. हे रंग मुतारीच्या भिंतीवर छापून लावा.

दुसरं, सवय. उन्हाळ्यात नवीन पोराला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी भट्टीवर उभं करू नका. पहिल्या दिवशी धगीतलं काम पूर्ण वेळेच्या २० टक्के, मग रोज २० टक्के वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. जुना माणूस मोठ्या रजेवरून परत आला असेल तर ५०, ६०, ८०, १०० टक्के असे चार दिवस. गावाकडच्या यात्रेला आठ-दहा दिवस जाऊन आलेला अनुभवी माणूस 'मला काय होतंय' म्हणून थेट उभा राहतो आणि चक्कर त्यालाच येते, कारण कमावलेली सवय रजेत उतरलेली असते.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या खायला लागला, की हे थकवा म्हणून सोडायचं नाही. सावलीत आणा, जाड कपडे काढा, अंगभर पाणी ओता, पंखा लावा, काखेत-जांघेत बर्फ, आणि १०८ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

लाल_माती
व्यायामाचं मी सांगतो. खासबाग कुस्ती मैदानाच्या गावात व्यायाम कर म्हणून कुणाला सांगावं लागत नाही, कुठला आणि कधी एवढंच सांगावं लागतं. 'दिवसभर वजन उचलतोच की' हे बरोबर नाही. कामात एकच बाजू, एकच सांधा, तीच हालचाल. त्यानं शरीर झिजतं, दम वाढत नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढं माप धरा.

फेटलिंगवाल्यांनी कामानंतर लगेच जोर मारू नयेत. ग्राइंडर धरून खांद्याचा पुढचा भाग आणि मनगट आधीच आवळलेलं असतं, त्यावर जोर घातले की खांदा धरतो. त्यांना बैठका, चालणं आणि पाठीची कामं: दारात टॉवेल अडकवून मागं ओढणं, बारला नुसतं १५-२० सेकंद लटकणं, चार वेळा. हाताला मुंग्या येत असतील, थंडीत बोटं पांढरी पडत असतील तर व्यायाम थांबवा, तो कंपनाचा त्रास आहे, डॉक्टरला दाखवा.

मशीन शॉपला दिवसभर उभं राहणाऱ्यांनी जोर आणि बैठका दोन्ही करावं. सुरुवात १० जोर, २० बैठका, असे तीन फेरे, फेऱ्यांमध्ये एक मिनिट. दर आठवड्याला जोर दोननं वाढवा, बैठका पाचनं. पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेला उभं राहून टाचा खाली-वर, १५ वेळा.

वेळ: झोपेच्या आधीचे दोन-तीन तास जोराचा व्यायाम नको. म्हणजे नाईट करून सकाळी आठला तालमीत यायचं नाही. पहाटेची मेहनत उत्तम, पण ती रात्रभर झोपलेल्यासाठी. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला रंकाळा, विद्यापीठाचा परिसर सगळं बंद पडल्यासारखं होतं आणि तिथं दोन महिने खंड पडतो. त्यासाठी आधीच घरचा व्यायाम ठरवून ठेवा: १२ सूर्यनमस्कार सावकाश आणि १० मिनिटं जिन्यानं चढ-उतर.

साचेकाम_शिरोली
वस्ताद, टॉवेलचं नीट कळलं नाही.

लाल_माती
टॉवेलच्या मधोमध गाठ मारा. गाठ दाराच्या पलीकडं राहील असं वरच्या फटीतून टॉवेल घाला, दार बंद करा, कडी लावा. दार आपल्याकडं नाही, पलीकडं उघडणारं असावं, म्हणजे ओढताना ते चौकटीवर घट्ट बसतं... नाही तर ओढल्यावर अंगावर येईल हे उघड आहे, म्हणून आधी हलक्या हातानं ओढून बघा. मग दोन्ही टोकं धरून थोडं मागं झुका आणि कोपरं बरगड्यांजवळून मागं न्या. १० वेळा, तीन फेरे.

घरचं_नियोजन
हा सगळा तक्ता घरच्यांच्या हातात पडल्याशिवाय चालणार नाही, म्हणून बोर्डाबरोबर एक प्रत घरी पाठवा. शिफ्ट एकाची असते, स्वयंपाक मात्र तीनदा होतो. आठवड्याची शिफ्ट रविवारीच स्वयंपाकघरात लिहून लावायची. रोज एकच जेवण सगळ्यांचं एकत्र ठरवायचं: फर्स्टला रात्रीचं, सेकंडला दुपारचं, नाईटला रात्री आठचं. बाकीच्या वेळी झाकून ठेवलेलं आपलं आपण घ्यायचं. त्यासाठी घरातली बाई रात्री उशिरापर्यंत जागी राहणार नाही, हे स्पष्ट लिहा. तिचीही झोप सात तासांचीच असते.

दिवसा झोपणाऱ्याची खोली रस्त्याच्या बाजूची नको. दारावर 'नाईट, दोन वाजता उठणार' असा कागद. सिलिंडर, पार्सल, बँकेचे फोन या सगळ्याला घरातल्या दुसऱ्याचा नंबर द्या. आणि पाहुणे आले म्हणून उठवायचं नाही, हे सासू-सासऱ्यांना एकदा बसवून सांगावं लागतं. झोपलेला माणूस आळशी दिसतो, त्यामुळं ते एकदा कारणासहित सांगितलेलं बरं.

गणपतीच्या दिवसांत तालीम मंडळं जवळ असतील तर तेवढ्या आठवड्यापुरती शिफ्ट बदलून घेता आली तर बघा. साउंडच्या दणक्यात बोळे पुरत नाहीत.

रात्रपाळी_परिचारिका
घरचं_नियोजन ताईंचं शब्दन् शब्द छापा.

मनाबद्दल. शिफ्टवाल्याची चिडचिड बऱ्याचदा स्वभावाची नसते, झोपेच्या उधारीची असते. म्हणून घरातला वाद, पैशाचा निर्णय, मुलाच्या मार्कांवरचं बोलणं नाईटनंतर सकाळी आठला काढू नका, दुपारी जेवण झाल्यावर काढा. झोपायच्या आधी डोक्यात विचार फिरत असतील तर वहीत पाच मिनिटं उद्याची कामं लिहा, प्रत्येकापुढं कधी करणार तेही. लिहिलं की डोकं ते धरून बसत नाही. २०-२५ मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, पेंग आली की परत या. अंथरुणावर तळमळत राहिलं तर अंथरूण आणि जागरण यांचीच जोडी जमते.

झोपेसाठी दारू हा उपाय नाही. डोळा लवकर लागतो, पण तीन-चार तासांनी झोप तुटते आणि घोरणं वाढतं. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतः आणू नका.

सुट्टीतही झोप पूर्ण होऊन दोन आठवड्यांच्या वर मन उदास असेल, कशात रस नसेल, जेवण तुटलं असेल, तर ते शिफ्टवर ढकलू नका. टेली-मानस १४४१६, हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) मानसोपचाराची ओपीडी आहे. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच वेळी घेऊन जा. हा क्रमांक बोर्डावर सगळ्यात मोठ्या अक्षरात.

कळंबा_कट्टा
शुगरवाल्यांचं काय? आमच्याकडं चाळिशीच्या पुढचे बरेच आहेत.

भाकरी_मापात
गोळी किंवा इन्सुलिनची वेळ शिफ्टप्रमाणे स्वतःच्या मनानं सरकवायची नाही. डॉक्टरांना तीनही शिफ्टच्या जेवणाच्या वेळा लिहून दाखवायच्या आणि तीन वेगळी वेळापत्रकं लिहून घ्यायची. काही गोळ्या जेवणाशी बांधलेल्या असतात, जेवण पुढं गेलं आणि गोळी तशीच घेतली की साखर घसरते. भट्टीजवळ मोठा धोका हा, की साखर उतरल्याची लक्षणं म्हणजे घाम, थरथर, धडधड, आणि धगीची लक्षणंही तीच. माणूस पाणी पीत बसतो. म्हणून खिशात नेहमी साखर किंवा ग्लुकोज. शंका आली की आधी तीन-चार छोटे चमचे साखर खायची, बसायचं, १५ मिनिटांनी साखर तपासायची.

साचेकाम_शिरोली
मंडळी, तीन तक्ते करतोय: भट्टी, फेटलिंग, मशीन शॉप. मागच्या बाजूला घरची प्रत. एकच राहिलं, नवरात्रीचे उपवास आणि रोजे धरणारे दोन्ही आमच्याकडं आहेत.

भट्टी_सुरक्षा
निर्जळी उपवास किंवा रोजा असेल त्या दिवसांत माणसाला रस ओतण्यावर ठेवू नका. कोअर शॉप (साच्यातले गाभे बनवायचा विभाग), तपासणी, स्टोअर अशी अदलाबदल महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवा, त्या दिवशी सकाळी विचारलं तर संकोचानं कुणी बोलत नाही. रोजा धरणाऱ्यांना शक्यतो नाईट द्या, इफ्तार ते सहरी पाणी-जेवण करता येतं. पाणी-फळं चालणारा उपवास असेल तर साबुदाण्याची खिचडी एकदाच, आणि बरोबर ताक, शेंगदाणे, रताळी, केळी. नुसत्या चहावर नऊ दिवस काढणाऱ्यांची यादी सुपरवायझरकडं असू द्या.